कॅलेंडरच्या चौकोनातलं हिमोग्लोबिन

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): सांगली जिल्ह्यातून एका ताईंनी लिहिलं आहे. वडील, म्हणजे अण्णा, ६३ वर्षांचे, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. दिवाळीनंतर जिना चढताना दम लागायला लागला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.४. मोठ्या शहरात नेऊन मॅरोची, म्हणजे हाडांच्या आत रक्त बनवणाऱ्या मगजाची, तपासणी केली आणि निदान आलं एमडीएस, मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम. न्यू जर्सीत असलेल्या दादाने रिपोर्टमधले आकडे इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकले. उत्तर आलं: स्कोअर ५, हाय रिस्क, १.६ वर्षं. हे त्याने फक्त या ताईंना सांगितलं आहे. ‘रक्त कमी झालंय, पिशवी लावली की बरं होईल’ इतकंच अण्णांना माहीत आहे, असं घरात सगळे धरून चालले आहेत. धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलंय, ते माघातच उरकून घ्या म्हणून आत्या मागे लागल्या आहेत. अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती दादाने ‘आता कशाला’ म्हणून रद्द केली. डॉक्टर अझासिटिडीनची इंजेक्शनं सुरू करू म्हणतात. बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा, म्हणजे दात्याची निरोगी मॅरो देण्याचा, विषयही त्यांनी काढला. ताई विचारतात, ‘दीडच वर्ष उरलं असेल तर ते सुया टोचून घेण्यात घालवावं की घरी शांतपणे? आणि अण्णांना हे सांगायचं की नाही?’ शेवटी जाता जाता एक ओळ आहे: आई कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहायची, त्याच चौकोनांत आता अण्णा आपलं हिमोग्लोबिन आणि कितवी पिशवी ते लिहितात.

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचा रिपोर्ट तीनदा. मी डॉक्टर नाही. रक्ताच्या आजारांच्या वॉर्डात समुपदेशक म्हणून बावीस वर्षं काढली, त्यामुळे असे रिपोर्ट वाचायची सवय झाली आहे. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच करायचा. पण १.६ हा आकडा घरात शिरल्यापासून लग्न, डोळ्याचं ऑपरेशन, ट्रान्सप्लांट, अगदी अण्णांशी काय बोलायचं इथपर्यंत सगळं त्याच्या मागून चाललं आहे. म्हणून तो आला कुठून ते आधी बघू.

एमडीएसमध्ये मॅरो पेशी बनवते, पण त्या धड पिकत नाहीत. बऱ्याचशा आतल्या आत मरतात. कारखान्यात गडबड चालू आणि बाजारात माल नाही, अशी गत होते. काही जणांमध्ये पुढे त्यातून रक्ताचा कर्करोग, एएमएल, उभा राहतो; कुणात लवकर, कुणात कधीच नाही. कुणाच्या बाबतीत घाई करायची आणि कुणाच्या बाबतीत थांबायचं हे ठरवता यावं म्हणून १९९७ साली ८१६ रुग्णांच्या नोंदींवरून एक मोजपट्टी तयार झाली. २०१२ मध्ये ७०१२ रुग्णांच्या नोंदी घेऊन ती सुधारली गेली. दादाने वापरली ती हीच, आयपीएसएस-आर. तिच्यात पाच गोष्टींना गुण देतात. अण्णांचे गुण मीही मांडून पाहिले. मॅरोत ब्लास्ट पेशी, म्हणजे न पिकलेल्या कच्च्या पेशी, ७ टक्के, त्याचे २. गुणसूत्रं नॉर्मल, त्याचा १. हिमोग्लोबिन ७.४, त्याचे दीड. प्लेटलेट ६२ हजार, त्याचा अर्धा. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ११००, त्याचं शून्य. बेरीज ५. साडेचारच्या वर गेलं की ‘हाय’. दादाचा हिशोब चुकलेला नाही.

आता एक गोष्ट बघा. या मोजपट्टीत हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर दीड गुण आणि ८ ते १० मध्ये असेल तर एक. दोन पिशव्या लावल्यानंतर अण्णांचं हिमोग्लोबिन ८.२ आलं होतं, ते तुमच्याच रिपोर्टच्या मागच्या पानावर आहे. दादाने तो कागद समोर धरला असता तर बेरीज झाली असती ४.५, गट आला असता ‘इंटरमीडिएट’, आणि स्क्रीनवर दिसली असती ३ वर्षं. माणूस तोच, मॅरो तीच. नियमाने पिशवी लावण्याआधीचंच हिमोग्लोबिन धरायचं असतं, त्यामुळे ५ हाच स्कोअर बरोबर. पण अर्ध्या गुणाने जो आकडा दीड वर्षावरून तीन वर्षांवर उडी मारतो, त्याच्यावर लेकीच्या लग्नाचा मुहूर्त काढायचा का?

आणि माझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट अशी की स्कोअर ५ असो की ४.५, डॉक्टरांनी सुचवलेलं औषध तेच राहिलं असतं. साधारण साडेतीनच्या वर स्कोअर गेला की आजार जास्त जोखमीचा धरून लगेच उपचार सुरू करतात. त्याखाली असेल तर रक्त वाढवणारी इंजेक्शनं, गरजेपुरत्या पिशव्या आणि देखरेख यांवर बरीच वर्षं काढता येतात. स्कोअर या कामासाठी बनला आहे. कुठल्या वाटेने जायचं हे तो चांगलं सांगतो आणि अण्णांच्या बाबतीत त्याने नेमकं सांगितलं आहे: थांबू नका. तुमच्या घरात मात्र त्याचा अर्थ बरोबर उलटा घेतला गेला, की आता काही करण्यात अर्थ नाही.

१.६ चा अर्थ घरात सगळ्यात चांगला कुणाला कळेल, माहीत आहे? अण्णांना. ‘सरासरी आयुष्य’ असं तुम्ही लिहिलंय, पण ती सरासरी नाही, तो मध्यक आहे. मध्य, मध्यक, बहुलक; दहावीच्या वर्गात त्यांनी किती वेळा फळ्यावर मांडलं असेल. या गटातल्या सगळ्या रुग्णांना आयुष्याच्या क्रमाने रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्याचा आकडा १.६ वर्षं. निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. पलीकडचे किती दूरपर्यंत पसरलेत, हे मध्यक सांगतच नाही. रांगेतला शेवटचा माणूस तीन वर्षं जगला काय आणि बारा वर्षं जगला काय, मधला माणूस जागचा हलत नाही.

त्या रांगेत कोण उभं होतं हेही विचारायला हवं. ते ७०१२ जण बहुतेक युरोप-अमेरिकेतले, त्यांचं मध्यक वय ७१. आपल्या अण्णांपेक्षा आठ वर्षांनी मोठे. सत्तरी-पंचाहत्तरीतले लोक हृदयाने, फुप्फुसानेही जातात. तेही त्या आकड्यात मिसळलेलं आहे. आणि दादाच्या कॅल्क्युलेटरने जे सांगितलं नसेल ते असं, की ही मोजपट्टी आजाराचा वेग बदलणारे उपचार न झालेल्या रुग्णांवरून बनवली आहे. आजार आपल्या आपण कसा चालतो ते बघायचं होतं, म्हणून मुद्दामच तसं केलं. म्हणजे तुम्ही मला विचारताय की दीडच वर्ष असेल तर औषध द्यावं का, आणि ते दीड वर्ष आलंय औषध न दिलेल्या माणसांकडून.

यावरून अण्णांना पुष्कळ वर्षं मिळतील असं मी म्हणत नाहीये. आजार गंभीर आहे, ब्लास्ट पेशी ७ टक्के ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही, आणि या गटातल्या कितीतरी माणसांना मी फार लवकर जातानाही पाहिलं आहे. दिलासा द्यायचा म्हणून मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण न कळलेला आकडा खरा मानून चालणं हेही खोटंच.

वॉर्डातल्या एका बाईची गोष्ट सांगते. कुणीतरी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या तिला सांगून टाकलं, अठरा महिने. तिच्या चष्म्याच्या एका काचेला तडा गेलेला होता. नवा चष्मा करून घ्या म्हटलं तर म्हणायची, अठरा महिन्यांसाठी कशाला दोन हजार. आजार तिचा वेगळ्या वाटेने गेला, ती चार वर्षांच्या वर राहिली. चारही वर्षं त्या तडा गेलेल्या काचेतून पोथी वाचली. पान तिरकं धरून वाचायची, तडा अक्षरांवर येऊ नये म्हणून. त्या आकड्याबद्दल मी तिच्याशी वेळेत बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, हे मला अजून टोचतं. अण्णांच्या मोतीबिंदूचं वाचलं आणि पहिल्यांदा तीच आठवली.

आता पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते. पहिली गोष्ट म्हणजे जनुकांची तपासणी, एनजीएस पॅनल, झाली आहे का. २०२२ मध्ये आयपीएसएस-एम नावाची आणखी एक मोजपट्टी आली. २९५७ रुग्णांच्या अभ्यासातून ती बनली, आणि तिच्यात ३१ जनुकांमधले बदलही धरतात. जुन्या मोजपट्टीने ज्या गटात टाकलं होतं त्या गटातून या नव्या मोजपट्टीने जवळजवळ ४६ टक्के लोकांना हलवलं. कुणाला वर, कुणाला खाली. अण्णांची गुणसूत्रं नॉर्मल आहेत, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसण्याइतका मोठा बदल नाही. त्याहून बारीक काय बिघडलंय ते याच तपासणीत दिसेल. एसएफथ्रीबीवन या जनुकात बदल असेल तर आजार बहुधा संथ, टीपी५३ च्या दोन्ही प्रती बिघडल्या असतील तर फार आक्रमक. तपासणी स्वस्त नाही. पण ट्रान्सप्लांट करायचं की नाही हे ठरवताना हा कागद हातात असलेला बरा.

दुसरं औषधाबद्दल. अझासिटिडीन म्हणजे डोक्यावरचे केस जाणारी, माणसाला आडवं करणारी केमो असं घरच्यांच्या डोळ्यांसमोर असेल. हे इंजेक्शन बहुधा पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली देतात, सात दिवस, दर अठ्ठावीस दिवसांनी; अशा एका फेरीला सायकल म्हणतात. भारतीय कंपन्यांचं जेनेरिक मिळतं. २००९ साली जास्त जोखमीच्या ३५८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अझासिटिडीन घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य २४.५ महिने आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांचं १५. दोन वर्षांनी या गटात शंभरातले ५१ हयात, त्या गटात २६. हा जादूचा फरक नाही, पण थोडाही नाही. एक मात्र मनाशी पक्कं करून ठेवा. पहिल्या दोन-तीन सायकलमध्ये पेशी आधी खाली जातात, पिशव्या वाढतात, ताप येऊ शकतो. औषधाचा गुण दिसायला चार ते सहा सायकल लागतात. ‘औषधाने जास्तच बिघडलं’ म्हणून दुसऱ्या महिन्यात सोडून गेलेली घरं मी पाहिली आहेत. सोडायचंच असेल तर डॉक्टरांशी बोलून सोडा.

तिसरं ट्रान्सप्लांट. ‘या वयात कशाला’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, तेव्हा साठीच्या माणसाचा विचारही कुणी केला नसता. आता केमोचे हलके डोस देऊन करायची पद्धत आहे. अमेरिकेत ५० ते ७५ वयाच्या, जास्त जोखमीच्या ३८४ एमडीएस रुग्णांना घेऊन दाता मिळालेले आणि न मिळालेले असे दोन गट केले. तीन वर्षांनी दाता मिळालेल्यांतले ४७.९ टक्के हयात होते, न मिळालेल्यांतले २६.६ टक्के. दुसऱ्या बाजूने बघितलं तर दाता मिळालेल्यांतलेही निम्म्याहून जास्त तीन वर्षांत गेले. ट्रान्सप्लांटमध्ये जंतुसंसर्ग आहे, दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर उलटणं आहे, कित्येक महिने घरापासून लांब भाड्याच्या खोलीत राहणं आहे, पैसा आहे. अण्णांनी करावं असं मी म्हणत नाही. पण ट्रान्सप्लांट करणाऱ्या डॉक्टरांना एकदा भेटून या, भेटलं म्हणजे होकार दिला असं होत नाही. भेटीला उशीर मात्र करू नका, कारण दाता शोधायला वेळ जातो आणि आजार आटोक्यात असताना केलेलं ट्रान्सप्लांट बरं जातं.

अण्णांच्या सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी, म्हणजे दाता जुळतो का ते बघणारी रक्ताची तपासणी, आत्ताच करून घ्या. प्रत्येक भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तुम्ही तिघं मुलं निम्मे जुळता, आणि हल्ली निम्म्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट होतं. दादाला तिकडून नुसती तपासणी करून रिपोर्ट पाठवता येईल.

याला लागूनच एक गोष्ट, जी गावाकडे हमखास चुकते. ट्रान्सप्लांटचा विचार असेपर्यंत रक्ताच्या नात्यातल्या कुणाचंही रक्त अण्णांना लावू देऊ नका. रक्तपेढी बदली रक्तदाता मागते तेव्हा काका, चुलतभाऊ हौसेने पुढे येतात. त्यांनी रक्त जरूर द्यावं, पण ती पिशवी अण्णांना लागायची नाही हे रक्तपेढीत स्पष्ट सांगायचं. नाहीतर नातेवाइकांच्या पेशींविरुद्ध अण्णांच्या शरीरात आधीच प्रतिकार तयार होतो आणि पुढे त्यांच्याच पेशी स्वीकारणं अवघड जातं.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ‘कशाला हाल’ या शब्दांमागे पुष्कळदा तेच असतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते उपचार सुरू होण्याआधी विचारा. मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जाची चौकशी वैद्यकीय समाजसेवकाकडे करा.

आता तुमचा खरा प्रश्न, अण्णांना सांगायचं का.

जो माणूस रोज चौकोनात हिमोग्लोबिन लिहितो, त्याला काही माहीत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? आयुष्यभर मुलांना आलेख काढायला शिकवलेला माणूस आहे तो. पिशवी लावली की आकडा वर जातो, तीन आठवड्यांत पुन्हा साडेसातवर येतो, मधलं अंतर कमी होत चाललंय, हे तुमच्याआधी त्यांना दिसलं असणार. त्यांच्यासमोर ते लपलेलं नाही. ते बोलत नाहीत, कारण तुम्ही बोलत नाही. तुम्ही त्यांना जपता, ते तुम्हाला जपतात, आणि दोघंही एकटे. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, कारण माझ्या खोलीत हेच रोज घडायचं. मुलगा आत येऊन हळूच सांगायचा, बाबांना काही सांगू नका. तो चहा आणायला गेला की बाबा सांगायचे, पोरांना कळू देऊ नका हं, मला सगळं माहीत आहे.

आणखी एक अडचण आहे. ट्रान्सप्लांट करायचं की नाही, इंजेक्शनं घ्यायची की नाही, हे शेवटी अण्णांनी ठरवायचं आहे. संमतीपत्रावर सही त्यांची लागते. ‘रक्त कमी झालंय’ एवढ्यावर माणूस सात-सात दिवस सुया कशा सोसेल? दुसऱ्या महिन्यात ते म्हणतील, पुरे झालं, आणि त्यांचं चुकलं असं कुणाला म्हणता येणार नाही.

सांगायचं म्हणजे १.६ त्यांच्या हातात ठेवायचं असं नाही. आधी विचारा. संध्याकाळी ते कॅलेंडरपाशी उभे असतील तेव्हा जवळ जा आणि म्हणा, ‘अण्णा, हे आकडे तुम्ही लिहिताय, तुम्हाला काय वाटतं यावरून?’ मग गप्प बसा. हे गप्प बसणं अवघड असतं, पण जमवा. ते काहीतरी बोलतील. मग विचारा, ‘डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला सगळं ऐकायचंय, की थोडं, की आम्हीच बघावं?’ या तिन्हींपैकी जे ते म्हणतील ते माना. ‘तुम्हीच बघा, मला नका सांगू’ असं म्हणणारी माणसंही असतात आणि तो त्यांचा हक्क आहे. पण ते त्यांनी म्हटलेलं असावं, आपण त्यांच्या वतीने ठरवलेलं नसावं. ऐकायचं म्हणाले तर डॉक्टरांना एकच आकडा मागू नका. सगळं चांगलं गेलं तर कसं, नेहमीसारखं गेलं तर कसं, बिघडलं तर कसं, अशी तिन्ही चित्रं मागा. आणि चार सायकलनंतर मॅरो पुन्हा तपासली की ती तिन्ही नव्याने मागा. निदानाच्या दिवशी काढलेला स्कोअर त्या दिवसापुरता असतो. जास्त जोखमीच्या गटात सुरुवातीचा काळ पार केलेल्यांचा धोका पुढे हळूहळू उतरतो, हे त्याच नोंदींच्या नंतरच्या अभ्यासात दिसलं आहे.

दादाला माझा निरोप द्या. त्याने कॅल्क्युलेटर उघडला तो लांब बसून काहीतरी करावं या तळमळीने, हे मला कळतं. त्याच्यावर रागावू नका. यायचं असेल तर ‘शेवटी येऊन जातो’ असा विचार करू नको म्हणावं. पहिली सायकल आणि ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांची भेट, या वेळी ये. तेव्हा तुम्हाला माणूस लागणार आहे.

लग्नाचं आत्यांनी किंवा मी ठरवायचं नाही, धाकटी आणि अण्णा ठरवतील. मी एवढंच सांगेन की घाईने माघात ओढलेलं लग्न नेमकं पहिल्या सायकलनंतर, पेशी सगळ्यात खाली असताना येऊ शकतं. मग मांडवात चारशे माणसं आणि अण्णा घरात तोंडाला मास्क लावून, असं होईल. इंजेक्शनांनंतरचा दुसरा-तिसरा आठवडा टाळा, पुढची सायकल सुरू होण्याच्या आधीचे दिवस बघा. वैशाखातला मुहूर्त त्यात बसतो का हे डॉक्टरांना कॅलेंडर दाखवून विचारा.

घरातल्या चार गोष्टी आजपासून. थर्मामीटर आणा, १००.४ च्या वर ताप गेला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा, गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. प्लेटलेट कमी असताना कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही, हे गावातल्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय नको. आत्या बीट, खजूर, गूळ देतात ते खुशाल देऊ देत. पण लोहाचं टॉनिक बंद: रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोन-अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. दुसरं कुठलं चूर्ण, काढा, पपईच्या पानांचा रस चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एक: ब्लास्ट पेशी वाढलेल्या नसताना एमडीएसचं निदान झालं असेल, तर बी-१२, फॉलिक आम्ल आणि तांबं यांची पातळी तपासली होती का ते विचारा. यांच्या कमतरतेत मॅरो हुबेहूब तशीच दिसू शकते. दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला मॅरोचा तुकडा) मागून न्या.

कॅलेंडरची पानं फाडू नका, डॉक्टरांकडे नेताना त्यांचे फोटो काढून न्या. किती दिवसांनी पिशवी लागते, हे अण्णांनी लिहिलंय तितकं नीट कुठल्याही फाइलमध्ये सापडत नाही.

आणि त्यांच्या डोळ्याचं बघा. मोतीबिंदूचं ऑपरेशन हल्ली बहुतेक ठिकाणी नुसते थेंब घालून, डोळा बधिर करून करतात, रक्तस्रावही फारसा होत नाही. ६२ हजार प्लेटलेटवर चालेल का, कुठल्या आठवड्यात चालेल, हे दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा. अझासिटिडीन त्यासाठी लांबवू नका, पण दोन सायकलच्या मध्ये जागा शोधा. तारीख मिळाली की ती चौकोनात अण्णांनाच लिहू द्या.

तुमची,
सदरलेखिका